पांढऱ्या गुलाबाच्या अटी

फुलं पांढरी पाहिजेत, आपल्या दारातली पाहिजेत आणि बुद्ध पौर्णिमेच्या सकाळी पाहिजेत. घर बांधून झाल्यावर आईने एवढ्या तीनच अटी घातल्या. चौथी अट तिने सांगितलीच नाही, ती मला वर्षभराने, कात्री हातात घेतल्यावर कळली: झाडाला कात्री लावायची नाही.

आमच्या दारातली जागा म्हणजे आठ बाय दहा. त्यात माझी मोटारसायकल, पाण्याचा मीटर आणि कायम वाळत पडलेली पायपुसणी. उरलेल्या पट्ट्यात बाग. पण आईला त्या पट्ट्याचं कौतुक एवढं, की पहिल्या दिवशी तिने तिथली ढेकळं हाताने फोडली, खुरपं घेऊ दिलं नाही. तिची सगळी उमर बिद्रीकडे लोकांच्या उसात भांगलण करण्यात, तण उपटण्यात गेली. त्या मजुरीवर मी शिकलो. दुसऱ्याच्या बांधावरचं एखादं फूल तोडायचं तर मालकाला विचारावं लागायचं, आणि विचारलं तरी तो हो म्हणेलच याचा भरवसा नसायचा. त्यामुळे आमच्या घरात मूर्तीपुढे कायम बाजारातलीच फुलं वाहिली गेली. सत्तरी उलटल्यावर तिला पहिल्यांदा स्वतःची माती मिळाली होती. आता विकतचं फूल वाहायचं नाही, असं तिने जाहीर करून टाकलं.

गडमुडशिंगीच्या रस्त्यावरच्या एका नर्सरीतून मी तीन रोपं आणली. गुडघाभर उंचीची, पसरट, घोसाने फुलणारी. नर्सरीवाला म्हणाला, "पावणं, डोळं झाकून लावा. फुलांत पान दिसायचं न्हाय." पहिल्या हिवाळ्यात दहा-पंधरा फुलं आली, तेवढ्यावरच आई हरखून गेली. बुद्ध पौर्णिमा मात्र कोरडी गेली. छाटणी केल्याशिवाय गुलाब फुलत नाही, हे मी तिला सांगितलं. पुस्तकात दाखवलं. शेवटी कात्री घेऊन बाहेर गेलो तर ती पदर खोचून आडवी उभी राहिली.

"जित्त्या फांदीला कापतोस? हात कसा धजतोय रं तुझा?"

झालं. कात्री परत कपाटात गेली. बायकोने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मला मध्ये घेऊ नका." एरवी प्रत्येक गोष्टीत तिचं मत असतं.

दुसऱ्या वर्षी झाडं वाढली. वाढली म्हणजे किती, तर मधलं माझ्या खांद्याला लागलं आणि पावसाळ्यानंतर कंपाउंडच्या वर गेलं. हिरवीगार, तुकतुकीत, सरळ काठी. फूल मात्र एक नाही. मग सल्ले सुरू झाले. कंपाउंडपलीकडून जाणारा प्रत्येक माणूस थांबून सांगून जायचा. चहाचा चोथा घाला. अंड्याची टरफलं घाला. ताक घाला. आम्ही सगळं घातलं. आठवडाभर दारात नासक्या ताकाचा असा वास सुटला की दूधवाला पिशवी फाटकालाच अडकवून पळायचा. झाडं आणखी वाढली. आई खूश. येईल त्याला दाखवायची, "बगा, कसा तरणाबांड झालाय!" आणि मी मूर्ख, मीही स्टाफरूममध्ये सांगायचो की आमचा गुलाब सहा फूट झाला.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. कलम कसं करतात, हा धडा मी वीस वर्षं फळ्यावर आकृती काढून शिकवलाय. खाली खुंट, त्यावर भरलेला डोळा म्हणजे अंकुर, मुळं एकाची आणि फुलं दुसऱ्याची. चुकीच्या आकृतीला मी मार्क कापतो.

तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत मी वैतागून त्या नर्सरीवाल्याला घरी आणला. त्याने चप्पल काढली नाही, वाकूनही पाहिलं नाही. लांबूनच हसला.

"पावणं, ह्यो तुमचा गुलाबच न्हाय की!"

मग बुडख्यापाशी बसून त्याने माती उकरली आणि बोट ठेवलं. आमची ती सहा फुटी काठी भरलेल्या डोळ्याच्या खालून, खुंटातून फुटलेली होती. जंगली गुलाब. विकत घेतलेला पांढरा तिच्या सावलीत वीतभर उरला होता, दोन काड्या आणि पिवळी चार पानं. तिन्ही झाडांची तीच गत. वर्षभर चोथा, टरफलं आणि ताक आम्ही त्या जंगल्याला पाजलं होतं.

"खालची फूट बुडातनं वढून काढा. नुसती कापू नगा, परत येती. म्हंजे ताकद वर जाईल. पांढऱ्याची बी जरा टोकं मारा. पौर्णिमेला फुलं घ्या माझ्याकडनं लिहून." एवढं बोलून चहा घेऊन तो गेला.

मला माझीच इतकी लाज वाटली की त्या आठवड्यात नववीला कलमाचा धडा होता, तो मी चक्क पुढे ढकलला.

आई दारातच बसून सगळं ऐकत होती. मी म्हटलं, "ऐकलंस ना? आता तरी काढू दे."

"मूळ त्याचं," ती म्हणाली. "जमिनीतनं पानी वढायचं त्यानं. खत खायचं त्यानं आन् पोसायचं दुसऱ्याला. आन् सोता जरा डोस्कं वर काढलं की उपटायचं व्हय?"

"अगं आई, हे झाड आहे! समाज नव्हे!"

"मी कुठं म्हनलं समाज हाय?"

या बाईशी वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. मी शेवटचं हत्यार काढलं. "आणि तू जन्मभर काय केलंस? दुसऱ्यांच्या रानात तण उपटलंस ना? तेव्हा नाही दया आली?"

तिने दोन्ही गुडघे चोळले. मग म्हणाली, "ते रान मालकाचं. त्यानं सांगिटलं, उपटलं. हितं मला कोन सांगनार?"

त्या दिवसापासून ती सकाळ-संध्याकाळ दारात खुर्ची टाकून बसू लागली. राखणच ती. मी नुसता पाण्याची नळी गुंडाळायला गेलो तरी मान वळायची. तिला फूल पाहिजे, दारातलं पाहिजे, पौर्णिमेला पाहिजे, आणि ते येण्याच्या वाटेवर हीच बसलेली. तिचं वय वाढत होतं, गुडघे गेले होते. आणखी किती पौर्णिमा फुलांची वाट बघायची, हा हिशोब मी करत होतो, ती नव्हती. माझा संताप व्हायचा. तिच्यासाठी चाललेलं सगळं तिच्याशीच भांडून करायचं!

मार्चअखेर मावशीच्या नातवाच्या बारशाला ती नेसरीला गेली. एस.टी.त बसवताना मी तिला खिडकीतून पाण्याची बाटली दिली आणि घरी येऊन लगेच टिकाव काढला. दोन तास लागले. फूट सहज निघत नव्हती, मुळाला घट्ट होती. मी पाय रोवून ओढली, हाताला काटे घुसले. तिन्ही काढल्या, पांढऱ्याच्या काड्यांची टोकं छाटली, फुटींचे तुकडे केले आणि दुसऱ्या सकाळी घंटागाडीत टाकले. दारात एकदम उजेड आला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

चार दिवसांनी आई आली. फाटकात थांबली. तीन बुटक्या काड्यांकडे पाहिलं. मी भांडायची तयारी करून उभा होतो, मुद्देसुद्धा काढून ठेवले होते. ती म्हणाली, "पानी घालत व्हतास न्हवं?" आणि पाय धुवायला आत गेली.  मग तिने दारातली खुर्ची उचलून आत नेली.

आणि नर्सरीवाल्याचं बोलणं अक्षरशः खरं ठरलं. एप्रिलमध्ये तांबूस पालवी आली, मेमध्ये कळ्या. पौर्णिमेच्या सकाळी तिन्ही झाडं मिळून सतरा फुलं होती. पांढरीशुभ्र, घोसाने, गुडघ्याएवढ्या झुडपांवर. घोसांत पान दिसत नव्हतं. मी आईला हाका मारल्या.

ती आली ती पांढरं लुगडं नेसून, हातात ताट घेऊन. ताटात निशिगंधाच्या चार काड्या होत्या, पानात बांधून आणलेल्या, दोरा तसाच. आदल्या दिवशी ती दुखऱ्या गुडघ्यांनी एकटी मंडईत जाऊन आली होती.

"हे काय? विकतची? आणि ही कशासाठी फुलवली मग मी?"

"ती बी वाहूया की. तू वाहा तुझ्या हातानं." असं म्हणून ती मूर्तीपुढे बसली.

मी सतरा फुलं कापली आणि वाहिली. तिने निशिगंध वाहिला. वंदना तिने नेहमीसारखीच खणखणीत म्हटली. मग खिरीला गल्लीतल्या बायका आल्या. मूर्तीपुढचा ढीग बघून एकजण म्हणाली, "मावशी, तुमच्या दारातली न्हवं ही? कसली भारी आल्याती!"

"पोरानं फुलवल्याती," आई म्हणाली. "शिकल्याला हाय त्यो. कुठलं ठिवायचं आन् कुठलं काढायचं, त्येला कळतंय."

आणि तिने त्या बाईच्या वाटीत आणखी एक पळी खीर वाढली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी निदान भांडलो असतो.