पाटावरचं वजन

माणसाचं खरं बळ त्याच्या दंडात नसतं, ते त्याच्या श्रद्धेत असतं. हे मी बरीच वर्षं लोकांना सांगत आलो आहे. लोक माना डोलावतात. सांगताना मी बहुधा खुर्चीत बसलेला असतो आणि माझे दंड शर्टाच्या बाहीत कुठे आहेत हे शोधावं लागतं, म्हणून त्यांना ते पटत असावं.

वजनाबद्दल बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे. गोव्यात सुर्ल्याला खाणीच्या वजनकाट्यावर मी नोकरी केली. भरलेला ट्रक काट्यावर यायचा, वजन व्हायचं, रिकामा होऊन परत यायचा, पुन्हा वजन व्हायचं. ताडपत्री फुगलेली दिसली म्हणून खाली माल असतोच असं नाही, हे मी तिथे शिकलो. पुढे पुढे काट्याकडे न बघता, टायर किती दबलेत यावरून मी वजन सांगायचो, आणि फारसं चुकायचं नाही. खाण बंद पडली तेव्हा माझं हे ज्ञान घेऊन मी कोरगावला घरी आलो आणि ते माणसांना लावू लागलो.

पहिला हाती सापडला तो पुतण्या, दादाचा मुलगा. मांद्र्याला समुद्राजवळ त्याची व्यायामशाळा आहे. तिला तो जिम म्हणतो आणि तिथे येणारे परदेशी पाहुणे त्याला मास्टर म्हणतात. त्याची छाती त्याच्याआधी दारातून आत येते. मान दिसत नाही. कानांखाली थेट खांदे सुरू होतात. अंड्यातलं पांढरं तेवढं तो खातो आणि पिवळं मांजराला घालतो. त्या मांजराची तब्येत बघून शेजारची कुत्री आमच्या अंगणात येईनाशी झाली आहेत.

त्याच्या शरीराशी माझं भांडण नव्हतं. भांडण झालं ते गणपतीवरून.

आमच्या घरी पाच दिवसांचा गणपती असतो. श्रावण लागायच्या आधी घरचा फणसाच्या लाकडाचा पाट डिचोलीकडच्या एका चित्रशाळेत नेऊन द्यायचा. मूर्तिकार त्याच पाटावर मातीची मूर्ती घडवतो आणि चवथीच्या आधी आम्ही ती टेम्पोतून घरी आणतो. विसर्जनाला मात्र वाहन चालत नाही. घराच्या पायऱ्या उतरून, शेताच्या मेरेवरून, म्हणजे चिखलातल्या अरुंद बांधावरून, ओढ्यापर्यंत, आमच्या व्हाळापर्यंत, घरच्या एकाच पुरुषाने पाटासकट मूर्ती डोक्यावरून न्यायची. वाटेत टेकवायची नाही आणि दुसऱ्याच्या डोक्यावर द्यायची नाही. आजोबांनी नेली, मग वडिलांनी, मग दादाने. दादाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी नेतो. जो गणपती नेत नाही, तो छत्री धरतो. दादा आता छत्री धरतो, आणि घरात त्याचं मत पूर्वीइतकं कोणी विचारत नाही.

म्हणून गेल्या वर्षी पुतण्याने चवथीच्या आधीच्या रविवारी, चहाचा कप खाली ठेवत, "काका, यंदा गणपती मी व्हरतंय," असं म्हटलं, तेव्हा तो नेमकं काय मागतो आहे हे मला कळलं.

"का रे? माझे पाय मोडले?"

"मोडाक नाय, पण मोडतीत. मेरेर केदो चिखल आसता. तुमी छत्री धरा."

"तुझो बाबा छत्री धरता. घरात छत्री एकच."

"दुसरी हाडूया," तो म्हणाला. दुकानं उघडीच होती.

वहिनी खिडकीतून ऐकत होती. तिने मला सरळ विचारलं, "भावजी, तुमका खरोच जमता मरे?"

मी म्हटलं, घराण्याचं काम जिममधले फोटो बघून देत नाहीत. परीक्षा घेऊ. पाट चित्रशाळेत होता, म्हणून त्याच्या मापाची एक फळी काढली. मूर्तीच्या जागी तांदळाची भरलेली गोणी उभी ठेवायची असं ठरलं. गोणी पुतण्याने कोठीतून एकट्याने आणली, बगलेत, मी वर्तमानपत्र आणतो तशी. मला ते आवडलं नाही.

फळी डोक्यावर, गोणी फळीवर. इथपर्यंत तो खांबासारखा उभा होता. पण पायऱ्या उतरताना मूर्ती मागे कलते, म्हणून एक हात पाटाला आणि दुसरा सरळ वर, मूर्तीच्या पाठीशी धरावा लागतो. तो दुसरा हात कानापर्यंत गेला आणि थांबला. खांद्यावर एवढं मांस साठलं होतं की हाताला वर जायला वाटच उरली नव्हती.

"वर घे," दादा म्हणाला.

"घेतलाय मरे."

"हो हात वर?"

"हांगासरच जाता."

वहिनी आतून म्हणाली, "तरीच. दोरयेर कपडे घाल म्हटल्यार कपडे खुर्चीर दिसतत."

तेवढ्यात गोणी कलली. त्याने फळी सोडून ती हवेतच छातीशी धरली, तान्हं मूल धरावं तशी, आणि म्हणाला, "अशी व्हरतंय. छातीर."

"डोक्यावरसून," दादा म्हणाला. किती तरी दिवसांनी त्याने घरात निकाल दिला होता. "ठरलेलां आसा तां."

पुतण्या चांगला मुलगा आहे, पण हरल्यावर सगळेच सारखे असतात. "मगे काका, आता तुमी उकला ही गोणी."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी चष्मा पुसला.

"मी गोणी उचलत नाही," मी म्हटलं. "मी गणपती उचलतो."

वहिनी तोंडाला पदर लावून खिडकीतून बाजूला गेली. भक्तिभावाने गेली असं मला वाटलं.

पाचव्या दिवशी मीच गणपती नेला. पाऊस होता, मेर साबणासारखी झाली होती. दादाच्या हातून छत्री पुतण्याने मागून घेतली. पण हात वर जाईना, म्हणून छत्री मूर्तीच्या मुकुटाला लागायची, तो ती बाजूला घ्यायचा आणि मी भिजायचो. विसर्जनाला जमलेले शेजारी मागून येत होते. त्यांतला एक म्हणाला, "पैलवान छत्री धरता आणि काठी देव व्हरता." मी मान वळवली नाही, वळवता येत नव्हती. पण ऐकून चाल सुधारली. व्हाळाच्या काठी पोचलो तेव्हा माझा श्वाससुद्धा फुलला नव्हता. खरं तर गेली काही वर्षं मूर्ती मला उलट हलकीच वाटू लागली होती. त्याचं श्रेय मी सकाळच्या चालण्याला देत होतो.

ही गोष्ट मी वर्षभर सांगितली. चहाच्या हॉटेलात, लग्नांत, एका बाराव्याला. फुगलेल्या ताडपत्रीचा दाखला दर वेळी दिला. पुतण्याने एकदा गंभीरपणे विचारलं, "काका, तुमी व्यायाम खंयचो करतात?" मी म्हटलं, "कसलाच नाही." त्याला ते लागलं.

यंदा पाट द्यायला चित्रशाळेत मीच गेलो. एरवी तो दादा आणि वहिनी नेऊन देतात. मूर्तिकाराने पाट ओळखला, पुसून बाजूला ठेवला आणि म्हणाला, "वयनीक सांगा, हेच्यापरस पातळ जावची ना. मागीर सोंड उरची ना."

"काय पातळ?"

"माती. दादांच्या गुडघ्याचां झाल्यापासून वयनी सांगतत न्हय, भावजी व्हरतत, आतून पोकळ करा म्हणून. दर वर्षा आनीक इल्ली कमी. आता भितर फकत वारो आसा."

तीस फुटांवरून ट्रकचं वजन सांगणारा माणूस त्या पाटाकडे बघत उभा राहिला. मग मी म्हटलं, "गेल्या वर्षीएवढीच करा."

घरी कोणाला काही बोललो नाही. यंदाही गणपती मीच नेणार, तसं दादाला सांगून ठेवलं आहे. पुतण्याने छत्री धरावी. परीक्षेची ती गोणी त्याने त्या दिवशी मांद्र्याला निघण्याआधी रागाने उचलून स्वयंपाकघराच्या दारात ठेवली होती. वहिनीने तांदूळ काढून काढून ती अर्धी करेपर्यंत आम्ही सगळे ती ओलांडून जेवायला जात होतो, कारण ती हलवणं घरात दुसऱ्या कोणाला जमलं नाही.