राजाच्या बुटांतले अक्रोड

गुणनिधि रिजाल आयुष्यात अडीच तास राजा होते. त्यानंतरची सगळी वर्षं त्यांनी नौबिसेच्या बाजारात चहा विकला. शेजारीच माझं पंक्चरचं दुकान, त्यामुळे राजाच्या हातचा चहा मी रोज प्यायलो. तो नेहमी पाणचट असायचा.

थोरले राजे वारले त्या माघात राजवाड्याला एक बामण हवा होता. अकराव्या दिवशी त्यानं कट्टो खायचा, म्हणजे मेलेल्या राजाचं पाप भाताबरोबर गिळायचं. मग राजाचेच कपडे चढवून हत्तीवर बसायचं आणि काठमांडूच्या खोऱ्याबाहेर चालतं व्हायचं. परत तोंड दाखवायचं नाही. त्या आठवड्यात शहाणे बामण एकाएकी आजारी पडले. गुणनिधि तेव्हा एकोणतीस वर्षांचे. घाटावर श्राद्धं करायचे आणि कालीमाटीत थोरल्या बहिणीच्या सासरी ओसरीवर झोपायचे. बहिणीची सासू भातापेक्षा टोमणे जास्त वाढायची. राजवाड्याचा माणूस म्हणाला, घर बांधून देतो. हे हो म्हणाले.

"भातात काय होतं हो, बाजे?" मी एकदा विचारलं. वडीलधाऱ्या बामणाला आम्ही बाजेच म्हणतो.

"चौऱ्याऐंशी पदार्थ होते. मी विचारलं नाही."

विचारायचं नाही, हा त्यांचा स्वभावच. मला त्याचा फार राग यायचा.

हत्ती कालीमाटीतून चालला तेव्हा खिडकीत त्यांची बहीण, तुळसा दिदी उभी होती. बाजेंच्या नाकावर राजाचा चष्मा, त्यातून दिदी नुसती धूसर दिसली. त्यांनी माहुताला हुकूम केला, "थांबव जरा." राजा म्हणून त्यांनी केलेला हा एकुलता एक हुकूम. माहूत वळूनही न बघता म्हणाला, "सरकार, हत्ती तुमचा असेल, पण मागून बंदूकवाले येतायत." तेवढ्यात सासूनं खिडकी ओढून घेतली. लोकांनी मागून दगड मारले, तो रिवाजच होता. नागढुंग्याची खिंड ओलांडल्यावर माहुतानं त्यांना खाली उतरवलं. हत्ती खरं तर दानात दिलेला होता, पण याला चारा कोण घालणार, म्हणून तो माघारी नेला. घराचं नंतर बघू, असं सांगून गेला. हत्ती गेला, शेपूटही गेलं. राहिले ते राजाचे गुडघ्यापर्यंतचे बूट, बाजेंच्या पायाला दोन बोटं मोठे.

ते बूट पुढं अक्रोड ठेवायच्या कामी आले. दर तिहारला, म्हणजे दिवाळीत, भाईटीकेच्या दिवशी, तुमच्या भाऊबीजेला, दिदी बसच्या ड्रायव्हरबरोबर मखमली फुलांची माळ आणि एक अक्रोड पाठवायची. सासूनं तिला नौबिसेची वाट बंद केली होती. राजाचं पाप घरात नको. माळ बाजे गळ्यात घालायचे, अक्रोड बुटात टाकायचे. अक्रोड बहिणीनं उंबऱ्यावर फोडायचा असतो, तेव्हा भावाचं मरण फुटतं. भावानं स्वतःच फोडून खाल्ला तर तो नुसता अक्रोड.

नौबिसेहून नागढुंगा बसनं तासाभराचाही रस्ता नाही. तिथून खाली कालीमाटी. बाजे कधी गेले नाहीत.

अशी तेहतीस वर्षं गेली, मग शेवटच्या राजानं सगळा कारभार स्वतःच्या हातात घेतला. मंत्री घरात कोंडले, टेलिफोनसुद्धा बंद केले. वर्षभरानं चैतात लोक रस्त्यावर आले. एकोणीस दिवस गाड्या बंद होत्या, पण माझ्या जुन्या टायरांना एवढी मागणी कधी आली नव्हती. सगळे फुकट गेले आणि सगळे जळाले. एक दिवस मंडळी बाजेंच्या दुकानात आली. म्हणाली, "बाजे, तुम्ही मोर्च्याच्या पुढं चला. राजाचं पाप खाल्लेल्या बामणावर गोळी झाडताना शिपायाचा हात कचरेल." बाजेंनी चुलीवरचं भांडं उतरवलं आणि निघाले. का, ते विचारलं नाहीच.

ते पुढं आणि मागं चार हजार पाय. ना घोषणा, ना हात वर. ते चालले की लोक चालत, ते घाम पुसायला थांबले की लोकही घाम पुसत. एवढं सोपं पुढारीपण मी परत पाहिलं नाही. खिंडीत पोचल्यावर मात्र ते थांबले आणि थांबूनच राहिले. लोकांना वाटलं, यात काही डाव असणार.

मी पुढं जाऊन विचारलं, "बाजे, घोडं कुठं अडलं?"

"मला पलीकडं मनाई आहे."

"कुणाची?"

"राजाची."

"अहो, त्याच्याविरुद्धच निघालोय ना आपण!"

"तुम्ही जा रे. मी चपला सांभाळतो."

कुणी चपला काढल्या नव्हत्या. मी त्यांना नको ते बोललो आणि लोकांबरोबर उतरलो. खाली अश्रुधूर खाल्ला, एका लाठीचा मान माझ्या खांद्याला मिळाला. संध्याकाळी परत आलो तर बाजे तिथंच, खोऱ्याकडं बघत उभे.

"यात कालीमाटी कुठं असेल?"

"तो धूर दिसतोय ना, त्याच्या खाली."

त्यांनी मान हलवली. मग माझा राग गेला.

पुढं दोन वर्षांनी, जेठात, राजेपण संपलं. शेवटचा राजा मोटारीत बसून राजवाड्यातून निघून गेला. त्याला हत्ती मिळाला नाही.

त्याच वर्षी तिहारच्या तोंडावर ड्रायव्हर रिकाम्या हातानं आला. म्हणाला, "दिदीचा निरोप आहे. हात थरथरतो, माळ गुंफवत नाही. पुढच्या वर्षाचं आपलं काही खरं नाही म्हणाली."

बाजे दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं जिल्ह्याच्या कचेरीत गेले, मला घेऊन. कारकुनापुढं हात जोडून म्हणाले, "माझी मनाई उठवून द्या."

"मनाईचा कागद आहे?"

"नाही."

"मग उठवू काय? तुम्ही काठमांडूच्या कचेरीत विचारा."

"तिथं जाता येत नाही, म्हणून तर इथं आलो."

"मग अर्ज करा," कारकून म्हणाला. "आम्ही काठमांडूला पाठवू. चार-सहा महिने लागतील."

बाजे अर्ज लिहायला बसत होते. मी त्यांच्या हातातली लेखणी काढून घेतली.

भाईटीकेच्या सकाळी त्यांना मोटारसायकलवर बसवलं. दोन्ही बूट त्यांनी मांडीवर घेतले होते, आत छत्तीस अक्रोड खडखडत होते. नागढुंग्याच्या चौकीवर मला थांबवायला लावलं, उतरले आणि शिपायापुढं ताठ उभे राहिले.

"मी गुणनिधि रिजाल. कट्टो खाल्लेला."

शिपाई संत्रं सोलत होता. "बरं मग? हेल्मेट कुठाय?"

हेल्मेट नव्हतं. त्यानं अर्धं संत्रं बाजेंना दिलं आणि आम्हाला सोडलं.

दिदीनं दार उघडलं. आधी बूट ओळखले, मग भाऊ.

"खिंडीत कुणी अडवलं नाही?"

"नाही."

"गेल्या वर्षी अडवलं असतं?"

"गेल्या वर्षी मी विचारलं नाही."

"आणि त्याच्या आधी?"

बाजेंनी बूट तिच्यापुढं ठेवले. दिदी खाली बसली. "सासू जाऊन एकवीस वर्षं झाली, गुणे," ती म्हणाली. "मला नौबिसेला जाऊ नको म्हणणारं घरात कुणीच उरलं नव्हतं. मीसुद्धा नाही रे विचारलं."

मग तिनं डोळे पुसले आणि उंबऱ्यावर बूट उपडे केले. दगड घेऊन एकेक अक्रोड फोडायला लागली. निम्मे घाव उंबऱ्यावरच पडत होते. मी म्हटलं, "द्या, मी फोडतो."

"तू त्याची बहीण आहेस का?"

मी मागं सरकलो. जुने अक्रोड पोकळ निघाले, आत नुसती भुकटी. तरी तिनं एकही सोडला नाही. टीकेची वेळ टळून गेली. शेवटच्या दोन-तीन अक्रोडांत गर निघाला. तो तिनं भावाच्या तोंडापुढं धरला.

बाजेंनी आधी तिच्या हाताकडं पाहिलं.

"दिदी, यात काय आहे?"

"अक्रोड आहे, मेल्या. खा."