भाकरीबरोबरची पुडी

इथे परगावी नातीच्या पाटीजवळ खडूचा वास आला, की तापीकाठचं आमचं घर आणि वडिलांची पांढरी पुडी आठवते. त्यांच्या किडन्या निकामी होत चालल्या होत्या. खाजवून खाजवून अंग रक्ताळायचं, म्हणून डॉक्टरांनी औषधी खडूची पूड पोटात घ्यायला लिहून दिली होती. आई नव्हती, मी चौथीतूनच शाळा सोडलेली. औषध घ्यायचं ते अनशापोटी, असं घरोघरी चालायचं. तशी मी महिनाभर रोज सकाळी उठल्या उठल्या त्यांना पुडी देत गेले. खाज काही हटेना. दवाखान्यातल्या म्हाताऱ्या कंपाउंडरला हे सांगताना मला रडूच आलं, पण तो रागावला नाही. म्हणाला, "पोरी, हाई पुडी भाकरजोडे देवानी. जेवणमधला खार ती पोटमाज धरी लेस, मंग खाज येत नही. ज्या दिन उपास, त्या दिन पुडीले बी उपास!" घरी सांगितलं तर वडील हसले, "शाळा तुन्ही सुटनी, अन् खडू मन्हा मांगे लागना!" त्या कंपाउंडरचे उपकार, खाज हळूहळू उतरली. कापूस वेचून यायला मला उशीर झाला, तर वडील भाकर मोडून बसून राहत. मी पुडी दिल्याशिवाय पहिला घास घेत नसत. त्यानंतर इतक्या वर्षांत वाढल्या ताटावर माझ्यासाठी असं कुणी थांबलेलं नाही.