पुढच्या बाजाराला येतो

बाकड्यावर आधी पिशव्या येऊन बसत, माणसं मागाहून. बाजाराच्या दिवशी निपाणीच्या आमच्या दवाखान्यात ओळीनं मांडलेल्या त्या पिशव्या... एकीतून मेथीची जुडी डोकावतेय, दुसरी मिरचीच्या भुकटीनं लाल झालेली, एखादी रिकामीच. बायका नंबराला पिशवी ठेवून बाजार उरकून येत, आणि कुणाची पिशवी कुणी सरकवत नसे. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या त्या बायांच्या लुगड्यांचा कडू, उष्ण दर्प भिंतींत इतका मुरला होता, की पडदा हलला तरी मला शिंका येत.

आप्पा, म्हणजे माझे वडील, त्या बायांचे छातीचे डॉक्टर. बेळगावच्या कॉलेजात शिकवायचे, तरी बाजारादिवशी दवाखाना चुकत नसे. मागच्या गल्लीतली गंगाक्का त्यांचीच पेशंट. संध्याकाळी ती माझ्या डोक्याला तेल घाली, तेव्हा तिचा श्वास माझ्या मानेपाशी शिट्टीसारखा वाजे. तिच्या मांडीवर मला हमखास झोप लागायची.

मग आप्पा कुलगुरू झाले. हार, शाली, पेढे — घरभर झेंडूचा वास. दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "दवाखाना बंद न्हाय व्हायचा. दर बाजाराला मी येतो." गंगाक्का पदरात तोंड घालून रडली.

थोडे दिवस आलेही. मग कधी बैठक, कधी बेंगळूरू, कधी कुणा मंत्र्याचा दौरा. फोनवर एकच पालुपद, "पुढच्या बाजाराला येतो, सांग त्यांना." सांगायचं कुणी? आईनं! ती दार उघडून देई, आणि बाकड्यावर पिशव्या मांडून बाया दुपारपर्यंत वाट बघत.

हिवाळ्यात गंगाक्काची धाप वाढली. दोन वाक्यं सलग बोलवेनात. आई काकुळतीला आली, "अगं, दुसऱ्या डॉक्टरला दाखव की!"

"नगं वैनी," ती म्हणाली. "आमचा डॉक्टर येतो म्हनलाय. दुसऱ्याची गोळी खाल्ली, तर त्यास्नी काय वाटंल?"

काय वाटंल! आमच्याकडच्या माणसांचं हे खुळं इमान, आपल्या डॉक्टरला वाईट वाटू नये म्हणून अंगावर दुखणं काढायचं. ती त्याच हिवाळ्यात गेली. आप्पा त्या दिवशी पदवीदानाच्या मंचावर झगा घालून ग्रामीण आरोग्यावर भाषण देत होते. टाळ्या पडल्या म्हणे खूप.

ते घरी आल्यावर मी त्यांना तोंडावर विचारलं, "का नाही आलात?"

"बाळ, मी आता शेकडो डॉक्टर घडवतोय," ते शांतपणे म्हणाले. "एका दवाखान्यात अडकून कसं चालेल?"

खोटं नव्हतं ते. त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलं आज गावोगावी आहेत, हे मला ठाऊक आहे. पण मग येतो म्हणालात कशाला? येत नाही म्हणाला असतात, तर ती दुसरीकडे गेली असती हो! हा राग इतकी वर्षं झाली तरी निवत नाही, आणि तो निवावा असं मला वाटतही नाही.

आप्पा आता थकलेत, बेळगावात माझ्याकडेच असतात. स्मरणशक्ती मात्र खणखणीत. कुठल्या बैठकीत कोण विरोधात बोललं, नावानिशी सांगतात. परवा गंगाक्काची मुलगी निपाणीहून त्यांना भेटायला आली. पाया पडली, म्हणाली, "आई शेवटपतूर म्हनत हुती, डॉक्टर येनार हाईत."

आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "कोण गं तुझी आई?"

"गंगाक्का. वखारीतली. तुमच्या मागच्या गल्लीतली."

त्यांनी थोडा वेळ आठवून पाहिलं. मग हसून म्हणाले, "असेल, असेल. लई पेशंट होते तेव्हा."

ती पुन्हा वाकून त्यांच्या पाया पडली. मी उठून आत गेले.