अकराव्या ओळीपर्यंत आलेला वास

भुताच्या अनुभवांच्या या पेजवर मी आजवर फक्त वाचायला येत होते, आणि खरं सांगायचं तर जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणींबरोबर हसायला. म्हणून आज लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय.

आमच्या घरात भूतखेत हा विषयच नव्हता. वडील दर रविवारी विहारात जायचे, आणि अमक्याला झपाटलं असं कुणी सांगत आलं की चष्मा काढून एवढंच विचारायचे — "कारण शोधलं का?" तीच सवय मला पुढे नोकरीत कामाला आली. मी कुरकुंभ एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये आहे. सॅम्पल येतं, टेस्ट होते, रिपोर्ट जातो. ज्याची टेस्ट झालेली नाही त्यावर मी सही करत नाही. तरी खाली जे लिहिलंय त्यावर मी सही करायला तयार आहे... फक्त कारण विचारू नका.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. मला वास येत नाही. माझी मुलगी यशू पोटात होती, सातवा महिना होता, तेव्हा मोठा ताप आला. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. दौंडला दाखवलं, पुण्याला दाखवलं, स्कॅन झाले. डॉक्टर म्हणाले, वासाची नसच गेली आहे, आशा धरू नका. दूध करपलं तर कळत नाही, त्याचं काही वाटत नाही. पण तान्ह्या बाळाच्या टाळूला म्हणे एक वास असतो. माझ्या सासूबाई यशूला उराशी धरून डोळे मिटायच्या, आणि मी बाजूला बसून बघत असायचे. माझ्या लेकीचा वास मला माहीत नाही.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. माझा नवरा राहुल रेल्वेत आहे. त्याला सहकाऱ्याकडून कळलं की भीमेच्या दोन्ही अंगांना, आपल्या दौंड-शिरूरच्या पट्ट्यात, घरगुती वायनरी झाल्यात. मोठ्या कंपन्या नाहीत, नवरा-बायको, भाऊ-भाऊ मिळून चालवतात, रविवारी लोकांना फिरवून दाखवतात. राहुल म्हणाला, "चल की. नाशिकला जायचं म्हणून पाच वर्षं नुसतं बोलतोय." मी म्हटलं, वास नसलेल्या माणसाला वाईन काय कळणार? तो म्हणाला, "द्राक्षाचे मळे तर दिसतील ना."

सकाळी निघालो. पाटस, वरवंड मागे टाकून चौफुल्याला उजवीकडे न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलो. उसाच्या ट्रॉल्यांमागे रेंगाळत, पण कुणालाच घाई नव्हती. पारगावच्या पुलावरून भीमा दिसली, संथ, हिरवट, कडेला बगळे. ऊन कोवळं होतं. यशू मागच्या सीटवर माझ्या मांडीवर होती आणि मला सारखी पेंग येत होती... तो सगळा दिवसच मला तसा, अर्धवट झोपेत पाहिल्यासारखा आठवतो.

पहिली वायनरी एका रिटायर्ड शिक्षक जोडप्याची. पत्र्याची शेड, तीन स्टीलच्या टाक्या, बाहेर चिक्कूच्या झाडाखाली टेबल. बाईंनी शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीची कडक भाकरी मोडून दिली, त्याबरोबर पांढरी वाईन. गुरुजी ग्लास गोल फिरवून म्हणाले, "पेरूचा वास येतोय बघा." मी म्हटलं, हो, येतोय. माणसं एवढ्या प्रेमाने दाखवतात, त्यांना काय सांगायचं. माझ्या जिभेला फक्त गार आणि आंबट कळत होतं. पण चांगलं वाटत होतं.

दुसरी दोन भावांची. थोरला म्हणायचा वाईन मी केली, धाकटा म्हणायचा द्राक्षं माझी. दोघांनी वेगवेगळे ग्लास भरून आमच्यापुढे ठेवले आणि परीक्षेचा निकाल लागावा तसे उभे राहिले. राहुलला गाडी चालवायची होती, त्याने दोन्हींचा एकेक घोट घेतला आणि सांगितलं, दोन्ही घरी नेतो, मग कळवतो. यशूला त्यांनी द्राक्षाचा ताजा रस दिला, ती ओठ जांभळे करून बसली. मी दोन्हीकडचे मिळून चार-पाच घोट घेतले असतील. हे मुद्दाम लिहिते, कारण कमेंटमध्ये पहिलं तेच येणार.

तिसरी वायनरी न्हावऱ्याच्या अलीकडे, कालव्याच्या कडेने आत. दुपारचे साडेतीन झाले होते. बाजेवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. त्यांची सून वैशाली पुढे आली. पस्तिशीची असेल, हसून बोलली पण हसू लगेच विझायचं. ती म्हणाली, "या ताई. यंदा लोकं कमी येत्यात. बोर्ड काढायचाय आता."

"का हो?" राहुलने विचारलं.

आप्पाच बोलले. "पोरगा गेला माझा, दीड वर्स झालं. रातचा झोपला तो सकाळी उठलाच न्हाई. त्याचा नाद होता ह्यो. हंगाम सरला की बाग काढायची आन् ऊस लावायचा. उसाला कुणी नादखुळा लागत न्हाई."

वैशाली "चला, आत दाखवते," म्हणून चालू लागली. राहुल यशूला घेऊन मागे होता.

वाईनची खोली अर्धी जमिनीत उतरलेली होती, चार पायऱ्या खाली. आत लाकडी पिंपं, मिणमिणता बल्ब, गारवा. मी तिसऱ्या पायरीवर पाऊल ठेवलं... आणि वास आला.

मला आधी कळलंच नाही की हे काय होतंय. अडीच वर्षांनी नाकात काहीतरी भरलं होतं, डोळ्यात पाणी आलं. मी वळले, राहुलच्या हातातून यशूला घेतलं आणि तिच्या केसांत नाक खुपसलं.

काहीच नाही.

मानेत हुंगलं, तळहात हुंगले. काही नाही. पण तो दुसरा वास मात्र तसाच होता, स्पष्ट, माझ्या डाव्या बाजूला. राहुल घाबरला. "काय झालं?"

"वास येतोय मला," मी म्हटलं. "पण एकच. उन्हात तापलेलं खोबरेल... ओला गोणपाट... आणि तंबाखू. नुकताच चोळलेला. कुणी उभं आहे का इथं?"

वैशालीच्या हातात ग्लास होता. तो तिने पिंपावर ठेवला. "परत सांगा," ती म्हणाली. मी परत सांगितलं. ती भिंतीला टेकली. "आमचे मालक दिवसभर डोक्यावर ओलं गोणपाट टाकून बागेत असायचे. खोबरेल चपचपीत. आन् तंबाखू मी सोडवली होती... मला वाटत होतं की सोडवली. ताई, मी त्यांचा एक शर्ट पिशवीत बांधून ठेवला होता. रोज उघडायची. उघडून उघडून सा महिन्यात त्यातला वास उडून गेला. मला येत न्हाई हो आता. तुम्हाला कसा येतो?"

राहुल माझा स्वभाव ओळखतो, त्याने सरळ टेस्ट घेतली. मला डोळे मिटायला लावले. दारातल्या लिंबाचं पान चुरगळून नाकाशी धरलं, यशूच्या पिशवीतला बाम धरला, वैशालीने काढून दिलेली वाईन धरली. मी प्रत्येक वेळी नाही म्हटलं. मग तो म्हणाला, "आणि तो?" मी हात करून दाखवलं. "तिकडे. दाराकडे चाललाय."

वैशाली अगदी हळू म्हणाली, "मग जाऊ की मागनं."

आम्ही निघालो. वास पुढे, मी त्याच्या मागे, वैशाली माझ्या दंडाला धरून. सांगते ते विचित्र वाटेल, पण भीती जराही वाटली नाही. समोरून एखादा ओळखीचा माणूस बाग दाखवत चाललाय आणि आपण दोन पावलं मागे आहोत, इतकंच वाटत होतं. द्राक्षाच्या ओळींमधून ऊन तिरपं येत होतं, पानांची सावली तिच्या साडीवर हलत होती. अर्धे घड काढून झाले होते, अर्धे लटकत होते, मधमाशा घोंगावत होत्या. कुठे वास पातळ झाला की मी थांबायचे, वैशालीही थांबायची, श्वास धरून. "हाय का?" "आहे." मग पुन्हा पावलं. एकदा तो वळून डावीकडच्या ओळीत गेला, तेव्हा ती म्हणाली, "हितं ठिबकची नळी सारखी फुटायची. रोज बघायचे."

ती वाटेत बोलत राहिली. मला की त्याला, कळत नव्हतं. की आप्पा बाग काढणार म्हणाले तेव्हा ती हो म्हणाली. की नाही म्हणायला तोंडच उघडलं नाही. की नवरा गेल्यापासून ती या ओळींत एकटी कधी आलीच नव्हती, मजुरांना बांधावरूनच सांगायची.

अकराव्या ओळीच्या टोकाला, बांधाजवळ, वास थांबला. मी एक पाऊल पुढे टाकलं तर नाही. मागे आले तर आहे. तिथे काहीच नव्हतं. एक जुनी वेल, जरा जाड खोडाची, आणि खाली सुकलेली पानं.

"ही पहिली वेल," वैशाली म्हणाली. "लग्नाच्या वर्षी आम्ही दोघांनी लावलेली." ती खाली मातीत बसली आणि रडायला लागली. मोकळं, आवाज करून. मागून आप्पा काठी टेकत आले होते, राहुलने त्यांना काय ते सांगितलं असावं. सुनेला रडताना बघून ते थबकले. नंतर मला कळलं की मुलगा गेल्यापासून ती त्यांच्यासमोर एकदाही रडली नव्हती.

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. रागच होता नजरेत. "बाई, तुमी कोन, कुठल्या, मला ठाव न्हाई. माझ्या सुनेला भरीला घालू नका. तंबाखू आन् खोबरेल काय, ह्या गावात समद्यांच्याच अंगाला येतं. माझ्या पोराच्या अंगाला आनखी एक वास असायचा. थंडीचा. त्यो सांगा."

खरं सांगते, मला माहीत नव्हतं. मी डोळे मिटले. खोबरेल बाजूला केलं, तंबाखू बाजूला केला, लॅबमध्ये एकेक घटक वेगळा काढतात तसं. तळाशी काहीतरी कोमट, उग्र होतं. स्वयंपाकघरातलं. पण फोडणीचं नव्हे.

"लसूण," मी म्हटलं. "तेलात तळलेला. पण खायचा नाही... कानात घालतात त्या तेलातला."

आप्पांनी काठी दोन्ही हातांनी धरली. मग म्हणाले, "ल्हानपनी कान फुटायचा त्याचा. मीच घालायचो तेल, मांडीवर घेऊन. मोठा झाला तरी थंडीत सोताच घालायचा आन् वर कापसाचा बोळा. कुनी बघू नये म्हनून टोपी." ते वैशालीशेजारी बसले. सासरा-सून एका बांधावर शेजारी बसलेली आमच्याकडे सहसा दिसत नाहीत. मी बाजूला झाले.

थोड्या वेळाने वास कमी होत गेला, दूरच्या लाऊडस्पीकरचा आवाज वारा फिरल्यावर विरतो तसा. मग गेला. सगळं मिळून पाऊण तास झाला असेल.

सोमवारी लॅबमध्ये अमोनियाची बाटली उघडून, लांबूनच, हाताने वारा घालून बघितलं. डोळे चुरचुरले, वास काही नाही. पुण्याच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी पुन्हा तपासलं, म्हणाले, नसलेले वास येतात कधी कधी काहींना, मेंदूचा खेळ असतो. मी विचारलं, मेंदूला अनोळखी माणसाच्या कानातलं तेल कसं कळेल? त्यांनी खांदे उडवले. यशूच्या केसांचा वास अजून नाही. त्या दिवशी तोच का आला आणि हा का नाही, यावर मी खूप दिवस चिडून होते. कुणावर, ते माहीत नाही.

ऑक्टोबरमध्ये वैशालीचा फोन आला. छाटणी चालू आहे, या म्हणाली. गेलो. आप्पांनी अर्ध्या बागेत ऊस लावला होता, ठरल्याप्रमाणे. उरलेली अर्धी मात्र उभी होती, आणि छाटणीची कात्री वैशालीच्या हातात होती. आप्पा बाजेवरून मजुरांवर ओरडत होते. चहा झाल्यावर ती मला एकटीला बाजूला घेऊन गेली. खोलीच्या पायऱ्या उतरलो, मग ओळींतून टोकापर्यंत चालत गेलो. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"हाय का?" तिने विचारलं.

काही नव्हतं. मी दोन-तीनदा खोल श्वास घेतला. मनात आलं, हो म्हणावं. काय जातंय आपलं? तिच्या डोळ्यात एवढं होतं की तो शब्द ओठापर्यंत आला होता.

"नाही, वैशालीताई," मी म्हटलं.

तिने मान हलवली. खाली पडलेली एक काडी उचलून बांधावर टाकली. मग म्हणाली, "बरं झालं, खरं बोललात. व्हय म्हणाला असता तर मी रोज तुमची वाट बघत बसले असते."

आणि ती पुढच्या वेलीकडे वळली.

कारण मी अजून शोधते आहे. मिळालेलं नाही.