जिथून उचललं तिथंच

आमच्या कामात दोनच तऱ्हेचे फोन येतात. पहिला, "गल्लीतली कुत्री उचला." दुसरा, थोड्या दिवसांनी त्याच माणसाचा, "परत कशाला आणून सोडली?" मी महापालिकेच्या श्वान केंद्रावर देखरेखीला आहे. कुत्रं धरायचं, नसबंदी करायची, लस टोचायची, जखम भरेस्तोवर पिंजऱ्यात ठेवायचं आणि जिथून उचललं तिथंच सोडायचं, असा कायदा आहे. तो सांगून सांगून तोंडाला फेस आला. आता नुसतं "बघतो" म्हणतो आणि फोन ठेवतो.

त्या दुपारी एक बाई पिंजऱ्यांपुढं वाकून वाकून बघताना दिसली. कुत्र्यांनी भुंकून डोकं उठवलं होतं.

"साहेब, आमचं तांबडं कुत्रं तुम्ही आणलं का? शेंद्र्याच्या रस्त्यावरून?"

बाई मेंढपाळाची, पिशोरकडची. खतासाठी शेतकरी रानात मेंढ्या बसवून घेतात, तसा त्यांचा मुक्काम तिथं पडला होता. कुत्रं कारखान्यातल्या लोकांच्या गाड्यांमागं लागतं अशी तक्रार आली आणि आमच्या माणसांनी ते उचललं.

"गळ्यात पट्टा बांधायला काय झालं होतं?" मी खेकसलो. कारण नसताना खेकसायची सवयच लागलीय.

"मेंढरामागं हाय म्हंजी आमचंच की. पट्टा कशाला?"

"मग तिथंच थांबायचं."

"पाचोडच्या शेतकऱ्याला जबान दिल्ती. मेंढरं उपाशी ठिवून थांबू व्हय? परवा तिथं लांडग्यानं कोकरू नेलं. कुत्रं नाय हे त्याला बी कळतंय. आमचे मालक रातभर काठी घिऊन बसतेत. किती दिस बसतील?"

तांबडं कुत्रं मला आठवत होतं. सकाळीच गाडीत घालून नेलं होतं. ड्रायव्हरला विचारलं, कुठं सोडलं?

"जहाँ से उठाया, वहीं. रूल है ना साब."

बाई मटकन खाली बसली. "अगं माय! तिथं आता कोण हाय त्याचं?"

कायद्याच्या लेखी प्रत्येक कुत्र्याला एक गल्ली असते. ह्याची गल्ली मेंढ्यांबरोबर चालत पाचोडला गेली होती.

"चला" म्हटलं. दुसरी गाडी नव्हती, म्हणून कुत्र्यांच्याच गाडीत तिला पुढं बसवलं. शेंद्र्याला पोचलो तर रान मोकळं पडलेलं, नुसत्या वाळक्या लेंड्या. त्यांच्या मधोमध तांबडं कुत्रं बसलेलं. आमच्या गाडीचा आवाज आला तशी ते उठलं आणि शेपूट घालून थेट बांधापलीकडं पळालं.

"तुम्ही उतरू नका," बाई म्हणाली. ती एकटीच चालत गेली. मेंढ्यांना घालतात तशी हाळी घातली. कुत्रं सरपटत सरपटत आलं आणि तिच्या पायांवर लोळलं. ती मोठ्यानं रडली. माझेही डोळे भरले, खोटं कशाला बोलू!

पण पुढचं अवघड होतं. गाडी दिसली की कुत्रं मातीत पाय रोवायचं. तिनं चुचकारलं, ओढलं, शिव्या दिल्या. उचलून घेतलं, तर हातातून सुटून पुन्हा बांधावर. ड्रायव्हर हातात जाळी घेऊन खाली उतरला, तशी बाई ओरडली, "ती ठिवा आधी आत!"

शेवटी तिनंच हात जोडले. "राहू द्या साहेब. आमी जातो पायी."

"अहो, पाचोड काय जवळ आहे? उद्या उजाडेल पोचायला."

"मेंढरं घिऊन पायीच गेल्तो की." पदर खोचून ती निघाली. कुत्रं तिच्या पलीकडच्या अंगानं, आमच्या गाडीपासून जपून. चार पावलांवर जाऊन ती थांबली, वळली.

"आजची रात तेवढा लांडग्यानं दम धरला म्हंजी झालं."

खिशातला फोन वाजत होता. तो मी वाजू दिला.