बांधावरची कंबरमोडी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही, आणि तिला तर माझं सगळंच ठाऊक असतं.

तसा मी सुखात आहे. मुलं मार्गी लागली. धाकटा भाऊ दगडू रोज संध्याकाळी चहाला येतो, जरा पाय ओढत. तो पाय दिसला, की — असो. सांगतोच.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. धरणगावजवळचं आमचं गाव, शेजारी म्हातारी सखूअक्का. कुणाला विळा लागो, फाळ लागो, जो तो तिच्या ओट्यावर. कंबरमोडीचा पाला तळहातावर चोळून ती जखमेत पिळायची. तिचा नेम एकच — पाला टेकडीवरचा हवा, शेतातला नको. आम्हाला वाटायचं, देवाधर्माचं काही असेल.

कपाशीच्या दिवसांत दगडूच्या पायाला विळा लागला. अक्काने मला पाल्यासाठी पिटाळलं. टेकडी लांब, ऊन रणरणतं, आणि कंबरमोडी तर आमच्याच बांधावर माजलेली. बांधालगतच्या कपाशीवर सकाळीच किडीचं विषारी औषध फवारलं होतं — मीच. वास अजून माझ्या हाताला होता. विसरलो, असं म्हणू का? नाही. पाला धोतराला पुसला, इतकंच.

“कोठला शे रे?” अक्काने विचारलं.

“टेकडीना शे, अक्का.”

ती पाला पिळू लागली, तसा दगडू ओरडला, “अक्का, मना पाय शे हाऊ, चटणी नही!” सगळे हसले. मीही.

पाय सुजला, चिघळला. जळगावला दवाखान्यात न्यावा लागला. वाचला, पण शीर आखडली ती आखडलीच. पारावर बोलणं सुरू झालं — “अक्काना हातना गुण गया.” मी तिथेच बसलो होतो.

पुढे एक बाई बोट कापलेलं पोर घेऊन आली. अक्काने आपल्या हातांकडे पाहिलं आणि ते पदराखाली घेतले. तेव्हा बोललो असतो तर? शब्द तोंडाशी आले होते. त्याऐवजी मी त्या पोराला सायकलवर दवाखान्यात नेलं. परतल्यावर अक्का म्हणाली, “भला शेस रे तू.” आणि — हेही लिहायलाच हवं — मला बरं वाटलं.

त्यानंतर मरेपर्यंत तिने पाला हातात धरला नाही.

तो पाला बांधावरचा होता. अक्काच्या हाताला गुण होता. शेवटपर्यंत होता.